शटरकाकांचा होकार

जुन्या बाजारात कुणाला नवं दुकान टाकायचं असलं, की गाळा बघायला जाताना तो दोन माणसांना सोबत न्यायचा. एक दलाल आणि दुसरे शटरकाका. दलाल गाळा कसा सोन्यासारखा आहे ते सांगायचा, आणि काका त्यात खोट कुठं आहे ते सांगायचे.

काकांचा खरा धंदा लोखंडी शटरचा. नवं शटर बसवायचं, जुन्याची स्प्रिंग बदलायची, चॅनेलमध्ये अडकलेली पट्टी सोडवायची, ग्रीस घालायचं. पण सगळा जन्म दुकानांच्या उंबऱ्यात गेलेला. दुकान निघताना शटर बसवायला काका, दुकान चाललं की त्याला रंग द्यायला काका, आणि दुकान बुडून मालक तोंड लपवून गेला की कुलूप तोडायलाही काकाच. कुठल्या गाळ्यात कोण किती उमेदीनं आला आणि कसा गेला, हे त्यांना न विचारता कळत गेलं. मग लोक विचारू लागले, आणि काका सांगू लागले.

बघण्याची त्यांची एक पद्धत होती. दलाल बडबडत असताना ते आत जायचेच नाहीत. समोरच्या पायरीवर, नाहीतर एखाद्या खोक्यावर बसायचे आणि रस्त्याकडे बघायचे. सकाळी एकदा, दिवेलागणीला एकदा. येणारा-जाणारा कुठल्या बाजूनं चालतो, कुठं थबकतो, कुणाच्या हातात काय आहे, हे बघून झालं की मग उठायचे. उंबऱ्यावरून पाय फिरवायचे. भिंतीला तळहात लावायचे. शेवटी शेजारच्या दुकानदाराकडे जाऊन एकच चौकशी करायचे, "आधीचे कुठं असतात हो हल्ली?"

आणि बहुतेक वेळा त्यांचं उत्तर एकच असायचं. "नको."

हा 'नको' फार थोड्यांनी ऐकला. विचारायला येणारे मनातल्या मनात गाळा घेऊन, पाटी रंगवूनच आलेले असत. त्यांना हवी असायची फक्त पाठीवर थाप. ती मिळाली नाही की ते हिरमुसायचे, चिडायचे. काही जण पाठीमागं त्यांना 'नाटकाका' म्हणायचे. नाट लावणारे काका. काकांच्या कानावर ते आलं होतं. त्यांनी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "शोभतंय की. घरातही तेच करता."

ती हसत म्हणाली खरी, पण त्यात खोटं काही नव्हतं.

काकांना एकच लेक. घरात तिला चिमी म्हणत. लहानपणापासून हुशार, हातानं नाजूक. शाळा संपल्यावर तिला डोळे तपासण्याचं रीतसर शिक्षण घ्यायचं होतं, त्यासाठी दुसऱ्या शहरात राहावं लागणार होतं. काकांनी चार दिवस विचार केला आणि म्हणाले, "नको. आपल्याला झेपायचं नाही." चिमी दोन दिवस जेवली नाही, तिसऱ्या दिवशी उठली आणि बाजारातल्या एका चष्मेवाल्याकडे कामाला लागली. काचा घासण्यापासून सुरुवात केली. पुढं फ्रेम बसवू लागली, मग मालकाच्या हाताखाली नंबरही काढू लागली. गिऱ्हाईक तिलाच शोधत यायचं.

नंतर तिनं एक मुलगा पसंत केला. मालवाहू गाडी चालवायचा. काकांनी त्यालाही गाळ्यासारखाच समोर बसून न्याहाळला आणि बायकोला म्हणाले, "माणूस सरळ आहे, पण अंगात जोर नाही. गाडीचं काम याच्यानं निभायचं नाही. नको." या वेळी चिमीनं ऐकलं नाही. लग्न झालं, संसार गोडीगुलाबीनं चालला, आणि काही वर्षांनी माल उतरवताना जावयाच्या पाठीत जी कळ आली ती गेलीच नाही. शस्त्रक्रिया झाली. आता तो तासभर बसू शकायचा, मग आडवं व्हावं लागायचं. काकांचं म्हणणं खरं ठरलं होतं. ते कुणी बोलून दाखवलं नाही. चिमीही नाही, काकाही नाहीत. पण सगळे एकत्र जेवायला बसले की ती न बोललेली गोष्ट जणू पान मांडून मध्ये बसलेली असायची.

अशात चष्म्याच्या दुकानाचा मालक थकला. त्याच्या मुलांना चष्म्यात रस नव्हता. त्यांनी दुकान एका मोठ्या कंपनीला देऊन टाकायचं ठरवलं, आणि कंपनीला तिथं तरणीताठी, टापटीप, इंग्रजी बोलणारी माणसं हवी होती. चिमीला मालकानं काच घासायचं जुनं यंत्र आणि नंबर काढायची भिंगांची पेटी देऊ केली. "एवढंच माझ्या हातात आहे, पोरी," तो म्हणाला.

त्याच आठवड्यात चिमी दुपारची माहेरी आली. काका ओट्यावर बसून एका जुन्या स्प्रिंगचा गंज काढत होते.

"बाबा, एक गाळा बघितलाय," ती म्हणाली. "तुम्ही एकदा नजर टाका."

"कुठं?"

"कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत. पुस्तकांच्या बाइंडरच्या शेजारी. छोटा आहे, पण लांबट आहे. अक्षरांचा तक्ता मागच्या भिंतीला लावला की नंबर काढायला अंतर पुरतं. अंतर वाढवायला आरसा लावायची पण गरज नाही."

काकांच्या हातातला पॉलिश पेपर थांबला. बाइंडरशेजारचा तो गाळा त्यांना आतून-बाहेरून माहीत होता. त्याचं शटर त्यांनीच बसवलं होतं.

"बघतो," ते म्हणाले.

"बघतो नाही. बघाच. आणि काय असेल ते सांगा."

दुसऱ्या दिवशी दलाल किल्ल्यांचा जुडगा वाजवत गल्लीच्या तोंडाशी हजर होता. या दलालाला सगळा बाजार 'होऊन जाईल' म्हणायचा. छत गळतंय? होऊन जाईल. वीज नाही? होऊन जाईल. काकांना बघून त्याचा चेहरा जरा उतरला.

"काका, घरचंच काम आहे म्हणे," तो म्हणाला. "मग जरा प्रेमानं बघा."

काका समोरच्या पायरीवर बसले. ही गल्ली म्हणजे कापडाचे गठ्ठे नेणाऱ्या हमालांची वाट. सकाळपासून गर्दी इतकी, की नवख्याला वाटावं, इथं काय विकाल ते खपेल. पण काका एकेका माणसाकडे बघत होते. डोक्यावर ओझं असलेला माणूस मान वळवत नाही. तो पायाखालचं बघतो आणि "बाजू, बाजू" म्हणत पुढं जातो. त्याच्या धक्क्यात सापडू नये म्हणून बाकीचे लोक पलीकडच्या भिंतीला चिकटून, घाईघाईनं गल्ली ओलांडतात. गाळ्याच्या बाजूला थांबणारं कुणी नव्हतं. थांबायला जागाच नव्हती.

मग ते उठले. रस्त्यावर दरवेळी नवं डांबर पडून पडून रस्ता वर आला होता आणि गाळा खाली गेला होता. आत जायला आता पायरी उतरावी लागायची. चष्मा लागतो तो म्हाताऱ्याकोताऱ्यांना. ते अशी अंधारी पायरी उतरून कशाला येतील? आत डाव्या भिंतीला त्यांनी तळहात लावला. गार, चिकट. पलीकडे लॉजची न्हाणी होती, तिचा पाइप वर्षानुवर्षं त्या भिंतीत पाझरत होता. गाळ्याच्या मालकानं वरून नवा रंग फासला होता, पण खाली पापुद्रे सुटायला लागलेच होते. आणि दिवसभर बसणाऱ्या बाईला जायला जवळपास संडास-मोरीसुद्धा नव्हती. बाजाराच्या दुसऱ्या टोकाला जावं लागणार, तेही दुकान उघडं टाकून.

शेजारी बाइंडर खळीचे हात पुसत उभा होता. त्याच्या दुकानात आत कागदांच्या थप्प्या होत्या आणि दिवसाही बल्ब जळत होता.

"घेताय का?" त्यानं विचारलं. "घ्या. मला तेवढीच सोबत होईल."

काकांनी त्याला नेहमीचा प्रश्न विचारला नाही. आधीचे कुठं असतात ते त्यांना ठाऊक होतं. पहिला कॅसेटवाला, तो गाव सोडून गेला. मग लोकरवाल्या दोघी बहिणी, त्या एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. मग एक मोबाइल दुरुस्त करणारा मुलगा. त्याच्या दुकानाचं कुलूप काकांनीच तोडलं होतं, आणि आत त्याचा स्टोव्ह आणि अंथरूण सापडलं होतं. दुकानातच राहत होता बिचारा, शेवटी शेवटी.

दिवेलागणीला काका पुन्हा येऊन बसले. हमाल घरी गेले होते आणि गल्लीत चिटपाखरू नव्हतं. त्यांनी मनाशी ठरवलं की आजच सांगून टाकायचं. लेक रडेल, चिडेल, पण वाचेल.

ते तसेच चिमीच्या घरी गेले. बायको आधीच येऊन बसली होती. दार उघडंच होतं. बघतात तो चिमीनं बाहेरच्या खोलीतल्या फरशीवर खडूनं अख्खा गाळा आखला होता. मालकानं दिलेली भिंगांची पेटी मध्ये ठेवली होती. जावई पाठीला उशी लावून भिंतीला टेकून बसला होता, हातात टेप घेऊन.

"सासरेबुवा, चौकटीत पाय देऊ नका," तो म्हणाला. "काउंटर मोडेल आमचा."

आणि तो हसला. पाठ गेल्यापासून जावयाला हसताना काकांनी पाहिलं नव्हतं. चिमी खडूच्या रेषांमधून इकडून तिकडे फिरत होती. "इथं गिऱ्हाईक बसेल. इथं तक्ता. हे इथं यंत्राशी बसतील, काच घासायचं काम बसून होतं, दमले की मागं पडदा लावून खाट टाकायची. कोण विचारतंय? आपलंच दुकान." ती जावयाकडे बोट दाखवून बोलत होती आणि जावई मान डोलवत होता. त्याला काम मिळणार होतं. घरातल्या खाटेवरून उठून जायला एक जागा मिळणार होती.

मग चिमी थांबली. हाताचा खडू झटकला.

"बोला बाबा. कसा आहे गाळा?"

जावयानं टेप गुंडाळून घेतली. बायको पदराशी चाळा करत होती. काकांनी लेकीकडे बघितलं आणि त्यांना कळलं की तिनं खांदे आधीच आवळून घेतलेत. मार चुकवायचा नाही, सोसायचा आहे, असं ठरवलेल्या माणसासारखे. त्यांचा 'नको' तिनं ऐकायच्या आधीच अंगावर घेतला होता.

"चांगला आहे," काका म्हणाले.

चिमीचे खांदे तसेच आवळलेले राहिले.

"चांगला आहे," ते पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं. "शटर जुनं झालंय, ते मी बदलून देतो."

चिमीनं खाली बसून तोंडावर हात घेतले. रडत होती की हसत होती ते कळेना. जावई म्हणाला, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" आणि स्वतः उठून चहा टाकायला गेला, भिंतीचा आधार घेत घेत.

घरी परतताना बायको म्हणाली, "खरंच चांगला आहे?"

"बरा आहे."

"तुम्ही चांगला म्हणालात ना, तेव्हा मला खरंच वाटेना."

काका पुढं चालत राहिले. त्यांनी मनात एक हिशेब मांडला होता. गाळ्यात खोट आहे ना? मग एकेक खोट आपण काढू. सगळा जन्म लोखंड सरळ करण्यात गेला, एक गाळा सरळ करता येणार नाही?

ते झपाटल्यासारखे कामाला लागले. नवं शटर बसवलं, असं हलकं की एका बोटानं वर जावं. पायरीच्या जागी उतार बांधून घेतला आणि बाजूनं धरायला नळी लावली. डाव्या भिंतीचा गिलावा खरवडून पाणी न झिरपणारा लेप लावला. लॉजवाल्याच्या हातापाया पडून पाइप बदलायला लावला. त्यानं होय होय म्हटलं आणि जुन्यावरच चिंधी बांधली. गल्लीच्या तोंडाशी बाण काढलेली पाटी लावली. चौथ्या दिवशी कोपऱ्यावरच्या कापडवाल्यानं ती काढून ठेवली, त्याच्या काचेवर तिची सावली पडते म्हणाला. काकांनी पुन्हा लावली. पुन्हा निघाली. पाटी शेवटी कापडवाल्याच्या खोक्यांमागं उलटी ठेवलेली त्यांना दिसली.

दुकान उघडलं त्या दिवशी मात्र आत उभं राहायला जागा नव्हती. काकांनी बाजारातल्या ज्यांची ज्यांची शटरं लावली होती त्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. कुणी चष्मा केला, कुणी जुन्याची काडी बदलून घेतली, कुणी नुसताच नंबर काढला. 'होऊन जाईल' दलालही आला आणि काळा चष्मा घेऊन गेला. ही गर्दी दोन-अडीच महिने पुरली. चिमी दिवसभर वाकून अक्षरं वाचून घ्यायची, जावई यंत्राशी बसायचा. संध्याकाळी घरी जाताना दोघं एकमेकांशी भांडायची, की आज कोण जास्त दमलं. बायको एकदा काकांना म्हणाली, "तुमचंच खरं झालं बाई." काकांनाही वाटायला लागलं, की आपण उगाच घाबरलो.

पण चष्मा म्हणजे भाजी नव्हे, की माणूस रोज यावा. एकदा केला की दोन-तीन वर्षं निश्चिंती. काकांच्या ओळखीचे संपले, आणि त्यांच्यामागून दुसरं कुणी आलं नाही. हमाल "बाजू, बाजू" करत जात राहिले. पलीकडच्या भिंतीला चिकटून माणसं जात राहिली. चिमी काउंटरवर कोपरं टेकून बाहेर बघायची. तिच्या दुकानातून रस्ता डोळ्यांच्या उंचीवर यायचा. तिला दिसायचे ते फक्त पाय.

काका तिकडून जायचं निमित्त काढायचे. शटरला ग्रीस घालायचे, गरज नसताना. "कसं काय?" विचारायचे. "ठीक," ती म्हणायची. मग ती पाणी पिणं टाळायला लागली, कारण नवऱ्याला नंबर काढता येत नव्हता, बाजाराच्या टोकापर्यंत जायचं म्हणजे काउंटर रिकामं सोडावं लागायचं आणि नेमकं तेवढ्यात गिऱ्हाईक येईल अशी भीती. लघवीला आग होऊन ताप आला, आठवडाभर दुकान बंद राहिलं. ते उघडलं तेव्हा भिंत पुन्हा घामेजली होती. काकांचा लेप टिकला नव्हता. पेटीतल्या भिंगांवर बारीक कोळ्याच्या जाळ्यासारखे डाग पडले होते. चिमीनं एक भिंग उजेडात धरलं, पुसलं, पुन्हा धरलं. बुरशी काचेत उतरली होती. ती पुसून जात नाही.

जावई त्या दिवसापासून दुकानात येईनासा झाला. पाठीचं कारण सांगायचा. पाठ दुखत होतीच, पण ती आधीही दुखत होती.

एका दुपारी चिमी बाइंडरशी बोलत उभी होती. गिऱ्हाईक दोघांकडेही नव्हतं. बाइंडर साधा माणूस, त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. तो सहज म्हणाला, "तुम्ही बरेच दिवस टिकलात. मोबाइलवाला तर तेवढाही राहिला नाही. तुमच्या वडिलांनीच कुलूप तोडलं होतं त्याचं, मला आठवतंय. कॅसेटवाल्याचं शटरही त्यांनीच बसवलेलं. ह्या गाळ्याची सगळी कुंडली त्यांना पाठ. म्हणून तर मला नवल वाटलं तुम्ही घेतलात तेव्हा. म्हटलं, त्यांनी काहीतरी वेगळं बघितलं असेल."

चिमीनं शटर खाली ओढलं आणि सरळ माहेरी आली. काका ओट्यावरच होते. ती समोर उभी राहिली. ओरडली नाही.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

काकांना कुठली गोष्ट, असं विचारता आलं असतं. त्यांनी विचारलं नाही.

"होतं," ते म्हणाले.

"सगळं? भिंतीचं पण?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

काकांनी बरेच शब्द जुळवून बघितले. शेवटी म्हणाले, "जावई हसत होते. तू खूश होतीस. आणि मी तुला दरवेळी नकोच म्हणत आलो. शिकायला नको, लग्नाला नको. म्हटलं, एकदा तरी..."

चिमी ओट्याच्या कडेला बसली. बाजूला स्प्रिंगा पडल्या होत्या, त्यातली एक तिनं उचलली आणि खाली ठेवली.

"हो म्हणायला दलाल होताच की, बाबा," ती म्हणाली. "हे पण हो म्हणत होते. शेजारची पण हो म्हणाली. मी तुमच्याकडे आले ते नको ऐकायलाच. मला रात्रभर झोप नव्हती. मनात पाल चुकचुकत होती. मी म्हटलं, बाबा जातील, बसतील, बघतील. ते नको म्हणाले तर खडू पुसून टाकीन आणि दुसरी नोकरी बघीन. आणि हो म्हणाले, तर मग जगानं काहीही सांगू दे, मी घाबरणार नाही."

काकांनी तिनं खाली ठेवलेली स्प्रिंग उचलून हातात धरली.

"मी खरंच घाबरले नाही," ती म्हणाली. "भिंत घामेजली तरी मला वाटायचं, बाबांनी बघितलंय. बाबा चांगला म्हणालेत. म्हणून एवढे दिवस ओढलं. नाहीतर पेटी खराब व्हायच्या आत तरी बाहेर पडले असते."

आतून बायको दारात येऊन उभी राहिली होती. चिमी उठली, आईला म्हणाली, "जाते गं," आणि गेली.

पुढच्या महिन्यात गाळा रिकामा केला. यंत्र भंगारच्या भावात गेलं. भिंगांच्या पेटीचं तर कुणी नावही काढलं नाही. काकांनी शटर उतरवून न्यायचं म्हटलं, तर गाळ्याचा मालक म्हणाला की भिंतीला ठोकलेलं ते माझं. तेही खरंच होतं. काका हुज्जत घालत बसले नाहीत.

चिमीला काम मिळालं, ज्या कंपनीनं जुन्या मालकाचं दुकान घेतलं होतं तिथंच. काचा घासायचं नाही, नंबर काढायचंही नाही. दारात उभं राहून येणाऱ्याला या म्हणायचं, आणि फ्रेमांवर पडलेली बोटं पुसायची. दिवसभर उभं राहायचं. जिथं ती पूर्वी बसायची तिथं आता एक कोवळी मुलगी नंबर काढायची, आणि अडलं की हळूच चिमीला विचारायची. चिमी सांगायची.

काकांनी गाळे बघणं सोडून दिलं. लोक यायचे, गळ घालायचे. "मला त्यातलं कळत नाही," काका म्हणायचे. लोकांना तो विनय वाटायचा. शटरचं कामही कमी झालं, कारण आता सगळे बटणावर चालणारी शटरं मागत, आणि ती बसवणारी माणसं वेगळी. काका ओट्यावर बसून राहायचे. चिमी दर आठवड्याला यायची, आईशी बोलायची, काकांच्या गोळ्या संपल्यात का बघायची. वडिलांशी ती कधी तुटक बोलली नाही. फक्त त्यांना ती काही विचारायची नाही. आज काय भाजी करू, एवढंसुद्धा नाही.

घरभाडं झेपेना तेव्हा तिनं घर बदललं. काकांना ते बायकोकडून कळलं, ठरून गेल्यावर. सामान हलवायच्या दिवशी ते मदतीला गेले. नवी जागा एका जुन्या इमारतीच्या तळाशी, दोन खोल्या. जावई खाटेवर आडवा होता, खाट सगळ्यांत आधी आणून टाकली होती. काका भांड्यांचं गाठोडं घेऊन आत आले आणि सवयीनं त्यांचा मोकळा हात भिंतीला लागला.

चिमीनं ते पाहिलं.

काका घुटमळले. मग म्हणाले, "भिंतीला ओल आहे गं. घ्यायला नको होतं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "एवढंच परवडतं."

आणि त्यांच्या हातातलं गाठोडं घेऊन ती आत गेली.